कण्याचा बाक आणि हृदयातला मर्मर

पाठीचा कणा एका बाजूला वळलेला असणे म्हणजे स्कोलिओसिस, आणि छातीला स्टेथोस्कोप लावल्यावर हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मध्ये एखादा जादा आवाज ऐकू येणे म्हणजे मर्मर. या दोन्ही नोंदी एकाच मुलाच्या तपासणीच्या कागदावर आल्या, की घरच्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो एकीमुळे दुसरी झाली का, हा. थोडक्यात उत्तर द्यायचे तर, बहुतेक मुलांच्या बाबतीत ‘नाही’. सर्वसाधारण बाकामुळे हृदयात दोष निर्माण होत नाही आणि मर्मरामुळे कणा वाकत नाही. तरीही काही मुलांमध्ये या दोन्ही गोष्टी एकाच तिसऱ्या कारणातून आलेल्या असतात, आणि ते कारण ओळखणे कधीकधी कण्याच्या उपचारापेक्षाही अधिक तातडीचे ठरते. म्हणून ‘संबंध आहे का’ असे मोघम न विचारता स्कोलिओसिस कोणत्या प्रकारचा आणि मर्मर कोणत्या जातीचा, असे दोन प्रश्न वेगवेगळे विचारले, तर उत्तर बरेच स्पष्ट होते.

बाक कोणत्या प्रकारचा

समोरून किंवा मागून पाहिले असता कणा सरळ रेषेत दिसायला हवा. तो बाजूला झुकतो, तेव्हा मणके केवळ कलत नाहीत, तर स्वतःभोवती थोडे पीळही घेतात, आणि त्या पिळामुळे एका बाजूच्या बरगड्या मागे उचलल्या जातात. मुलाला कमरेतून पुढे वाकायला सांगितले की पाठीची एक बाजू उंच दिसते ती यामुळेच. एक्स-रेवर हा बाक अंशांत मोजतात. मोजण्याची पद्धत अमेरिकन अस्थिशल्यचिकित्सक जॉन कॉब यांनी 1948 मध्ये मांडली आणि आजही तीच वापरली जाते. कोन 10 अंश किंवा त्याहून अधिक असेल तरच त्याला स्कोलिओसिस म्हणतात. एकाच चित्रावर दोन डॉक्टरांच्या मोजणीत 5 अंशांपर्यंत फरक पडू शकतो, त्यामुळे ‘सहा महिन्यांत 3 अंश वाढले’ एवढ्यावरून घाबरून जाण्याचे कारण नसते.

स्कोलिओसिसच्या एकूण रुग्णांपैकी सुमारे 80 टक्के रुग्णांमध्ये निश्चित कारण सापडत नाही. अशा बाकाला इडिओपॅथिक म्हणतात. तो बहुधा 10 ते 16 या वयात, झपाट्याने उंची वाढत असताना लक्षात येतो आणि या वयातील शंभरांतील दोन-तीन मुलांमध्ये आढळतो. छोटे बाक मुलगे आणि मुली दोघांतही दिसतात, पण वाढत जाऊन उपचारांची गरज लागते ती प्रामुख्याने मुलींना. दप्तराच्या ओझ्याने किंवा एका खांद्यावर पिशवी घेतल्याने हा बाक येतो, असे घरोघरी मानले जाते. त्याला आधार नाही, आणि या समजामुळे अनेक आया विनाकारण स्वतःला दोष देत बसतात.

उरलेल्या रुग्णांत तीन गट येतात. पहिल्यात गर्भावस्थेतच मणक्यांची घडण सदोष झालेली असते. हा जन्मजात स्कोलिओसिस. दुसऱ्यात स्नायू किंवा मज्जातंतूंच्या आजारामुळे कण्याला धरून ठेवणारी ताकद कमी पडते. तिसऱ्यात शरीरभर पसरलेला एखादा आनुवंशिक विकार असतो आणि बाक हे त्याच्या अनेक खुणांपैकी एक असते. हृदयाचा विषय खऱ्या अर्थाने सुरू होतो तो या तीन गटांत.

मर्मर म्हणजे आजार नव्हे

हृदयातून रक्त शांतपणे वाहते तेव्हा झडपा मिटण्याचे दोनच आवाज येतात. प्रवाहात खळबळ झाली, की मध्ये फुसफुस किंवा घरघर ऐकू येते. नदीचे पाणी खोल डोहातून आवाज न करता जाते आणि उथळ, खडकाळ जागी खळखळते, तसेच हे आहे. खळखळाट ऐकू आला म्हणजे पात्र बिघडले आहे असे नव्हे. कधी पाणीच जोरात आलेले असते.

निरोगी मुलांपैकी निम्म्या किंवा त्याहूनही अधिक मुलांमध्ये बालपणात कधी ना कधी असा मर्मर ऐकू येतो. त्याला निर्दोष मर्मर म्हणतात. त्यांतील सर्वांत परिचित प्रकाराचे वर्णन इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी 1909 मध्ये केले. तारेच्या वाद्यासारखा किंचित सुरेल असा हा आवाज साधारण दोन ते सात वर्षांच्या मुलांत अधिक आढळतो आणि मोठेपणी बहुधा नाहीसा होतो. ताप, धावपळ, भीती आणि रक्तक्षय यांमुळेही प्रवाहाचा वेग वाढून मर्मर उमटतो. आपल्याकडे हे शेवटचे कारण फार महत्त्वाचे आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वयोगटातील 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणजे ज्या वयात आणि ज्या मुलींमध्ये कण्याचा बाक वाढतो, जवळपास त्याच वयात त्यांच्या छातीत रक्त कमी असल्यामुळे येणारा मर्मर ऐकू येण्याची शक्यताही भरपूर असते. हिमोग्लोबिनची साधी तपासणी केल्याशिवाय असा मर्मर कण्याला चिकटवणे योग्य नाही.

भारतात आणखी एका शक्यतेचे भान ठेवावे लागते, ते म्हणजे संधिवाती हृदयविकाराचे. घशाला झालेल्या जंतुसंसर्गानंतर काही आठवड्यांनी येणाऱ्या तापातून हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात, आणि त्याची पहिली खूण अनेकदा मर्मर हीच असते. त्याचा कण्याशी काहीही संबंध नाही. मात्र ‘पाठ वाकडी आहे म्हणून आवाज येत असेल’ अशी सोयीस्कर समजूत करून घेतली, तर हा उपचारयोग्य आजार हातून निसटतो. 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांत आणि शाळांत जाणारी वैद्यकीय पथके जन्मजात हृदयदोष, संधिवाती हृदयविकार आणि तीव्र रक्तक्षय या तिन्हींचा शोध घेतात. अशा तपासणीत पुढे पाठवण्याची चिठ्ठी मिळाली असेल, तर ती कपाटात ठेवून देऊ नये.

अनुभवी डॉक्टर नुसत्या कानाने बरेच काही ओळखतात. मर्मराच्या तीव्रतेच्या सहा पायऱ्या मानल्या जातात आणि चौथ्या पायरीपासून पुढे छातीवर हात ठेवला तरी थरथर जाणवते; असा मर्मर निर्दोष समजला जात नाही. हृदय आकुंचन पावताना न येता ते सैल होत असताना येणारा मर्मरही तपासावाच लागतो. आणखी एक साधी चाचणी म्हणजे मुलाला आडवे झोपवून ऐकणे आणि मग उभे करून ऐकणे. उभे राहिल्यावर हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, त्यामुळे निर्दोष मर्मर मंदावतो. उलट हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या एका आजारात तो वाढतो, आणि झडप मागे झुकत असेल तर तो लांबतो. या एका मिनिटाच्या परीक्षेला खर्च येत नाही, आणि माझ्या मते ती न करता थेट टू-डी इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, चिठ्ठी लिहिणे ही घाईच आहे.

नेहमीचा बाक आणि मायट्रल झडप

आता इडिओपॅथिक स्कोलिओसिस असलेल्या मुलीच्या छातीत मर्मर ऐकू आला असे समजू. सर्वांत संभाव्य स्पष्टीकरण योगायोगाचे आहे: दोन्ही गोष्टी मुलांमध्ये सर्रास आढळतात, तेव्हा त्या काही मुलांत एकत्र येणारच. तरीही दोन दुवे असे आहेत, ज्यांकडे दुर्लक्ष करता येत नाही.

पहिला दुवा मायट्रल झडपेचा. हृदयाच्या डाव्या बाजूला, वरचा आणि खालचा कप्पा यांच्यामध्ये ही दोन पाकळ्यांची झडप असते. काही लोकांत तिच्या पाकळ्या थोड्या सैल आणि मोठ्या असतात आणि हृदय आकुंचन पावताना मागच्या कप्प्यात झुकतात. तेव्हा आधी ‘टक्’ असा एक आवाज येतो आणि झडपेतून थोडे रक्त मागे गळत असेल तर त्यानंतर मर्मर ऐकू येतो. हे आवाज मायट्रल झडपेतून येतात, हे जोहान्सबर्गचे जॉन बार्लो यांनी 1963 मध्ये दाखवून दिले. त्यापूर्वी ते हृदयाबाहेरचे आणि म्हणून बिनमहत्त्वाचे मानले जात. पुढे, ज्यांची पाठ सपाट, छाती खोलगट किंवा कणा वाकलेला आहे अशा सडपातळ तरुणांमध्ये ही झडप झुकण्याचे प्रमाण अधिक असल्याचे निरनिराळ्या अभ्यासांत दिसू लागले आणि स्कोलिओसिसचा हृदयाशी संबंध जोडला गेला तो मुख्यतः यातून.

परंतु त्या काळचे आकडे जपून वाचावे लागतात. 1970 आणि 1980 च्या दशकांत इकोची यंत्रे नवीन होती आणि झडप ‘झुकली’ कधी म्हणायचे, याचे निकष फार सैल होते. मायट्रल झडपेचे कडे सपाट वर्तुळ नसून घोड्याच्या खोगिरासारखे दोन बाजूंना उंच आणि दोन बाजूंना खोल असते, हे 1980 च्या दशकाच्या अखेरीस स्पष्ट झाले. अशा कड्यातील निरोगी झडपही एका विशिष्ट कोनातून पाहिली तर झुकल्यासारखी भासते. त्यामुळे पूर्वी ‘रुग्ण’ ठरवलेल्या अनेक लोकांची झडप मुळात ठीकच होती. निकष काटेकोर झाल्यावर अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील पाहणीत, 1999 मध्ये, सर्वसाधारण लोकांमधील हे प्रमाण 2.4 टक्के इतकेच निघाले. स्कोलिओसिस असलेल्यांत झडप झुकण्याचे प्रमाण इतरांपेक्षा काहीसे अधिक असावे हा निष्कर्ष पुरता पुसला गेलेला नाही, पण जुन्या लेखांतील मोठमोठे आकडे आज जसेच्या तसे सांगणे म्हणजे घरच्यांना उगाच धास्ती घालणे होय. शिवाय ज्यांची झडप झुकते त्यांतील बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. गळती लक्षणीय असेल तरच ठरावीक काळाने इको करून लक्ष ठेवावे लागते. दात काढण्यापूर्वी अशा रुग्णांना प्रतिजैविके देण्याचा जुना प्रघातही अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2007 च्या मार्गदर्शनात बंद केला.

दुसरा दुवा छातीच्या आकाराचा. बाजूने पाहिले असता पाठीच्या वरच्या भागाला बाहेरच्या दिशेने सौम्य गोलाई असते. किशोरवयातील इडिओपॅथिक स्कोलिओसिसमध्ये बाक बाजूला वाढत असताना ही गोलाई मात्र कमी होते आणि पाठ सपाट होते. त्यामुळे छातीचे हाड आणि कणा यांमधील अंतर घटते आणि हृदयाला पुढून-मागून कमी जागा मिळते. बाक मुळीच नसलेल्या पण पाठ सपाट असलेल्या लोकांमध्ये हा परिणाम 1960 मध्येच नोंदवला गेला होता: हृदय पूर्णपणे निरोगी, पण छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला मर्मर स्पष्ट, आणि एक्स-रेवर हृदय फुगल्यासारखे दिसणारे, कारण ते पुढून-मागून दबून बाजूला पसरलेले. हृदयविकाराचा असा आभास निर्माण करणारी ही स्थिती कळली नाही, तर माणसावर आयुष्यभर ‘हृदयरोगी’ असा शिक्का बसतो. सडपातळ मुलीच्या छातीची भिंत पातळ असल्यामुळे हे आवाज अधिकच ठळक ऐकू येतात. इथे बाकाचा आणि मर्मराचा संबंध खराच असतो, पण तो आवाजापुरता. हृदय निरोगीच असते.

छातीच्या भागातील बाक बहुधा उजवीकडे असतो, याचे कारण हृदय डावीकडे असणे, असाही एक जुना तर्क आहे. अवयव आरशातल्या प्रतिमेप्रमाणे उलट बाजूंना असलेल्या लोकांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या सरळ कण्यातील अत्यंत सूक्ष्म नैसर्गिक पीळही उलट दिशेचा असल्याचे आढळले. म्हणजे अवयवांच्या मांडणीचा बाकाच्या दिशेशी संबंध असू शकतो. बाक मुळात का येतो, याचे उत्तर मात्र त्यातून मिळत नाही, आणि मर्मराशी त्याचा काही संबंध नाही.

जन्मजात बाक: त्याच आठवड्यांतली घडण

जन्मजात स्कोलिओसिसमध्ये परिस्थिती पूर्णपणे वेगळी असते. गर्भधारणेनंतर साधारण तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात गर्भाच्या बहुतेक अवयवांची पायाभरणी होते. चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीलाच हृदय धडधडू लागते आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत त्याचे कप्पे पडद्यांनी वेगळे होतात. त्याच सुमारास भावी कण्याच्या दोन्ही बाजूंना असलेले ऊतींचे गट मणके घडवत असतात. या काळात काही बिघडले, तर त्याचा परिणाम एकाच अवयवापुरता राहीलच असे नाही. एखादा मणका अर्धाच तयार होतो, दोन मणके एका बाजूने जोडलेले राहतात आणि मूल वाढू लागले की कणा त्या बाजूला कलत जातो. त्याच मुलाच्या हृदयाच्या पडद्यात छिद्र राहिलेले असते, किंवा एखादे मूत्रपिंड तयारच झालेले नसते.

जन्मजात स्कोलिओसिस असलेल्या मुलांच्या निरनिराळ्या पाहण्यांत हृदयदोष असणाऱ्यांचे प्रमाण साधारण दहांत एक ते चारांत एक इतके आढळले आहे. सर्वसाधारण बालकांत हेच प्रमाण हजारी आठ-नऊ असते, हे लक्षात घेतले म्हणजे फरकाची कल्पना येते. मणके, गुदद्वार, हृदय, श्वासनलिका व अन्ननलिका, मूत्रपिंड आणि हातपाय यांपैकी किमान तिघांत दोष एकत्र दिसले तर त्या समूहाला व्हॅक्टर्ल असे नाव आहे, आणि त्यात कणा आणि हृदय हे दोघेही आहेत.

म्हणूनच एक्स-रेवर मणक्याची घडण सदोष दिसली, की छातीत आवाज ऐकू येवो अथवा न येवो, हृदयाची टू-डी इको, मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि मज्जारज्जूचा एमआरआय या तपासण्या करण्याचा प्रघात आहे. ‘आवाज नाही तर इको कशाला’ हा प्रश्न पालक विचारतात आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर असे, की वरच्या दोन कप्प्यांमधील छिद्राचा मर्मर इतका मंद असतो की तो वर्षानुवर्षे कोणाच्या कानावर येत नाही. उलट खालच्या कप्प्यांमधील लहानसे छिद्र मोठा आवाज करते आणि पुष्कळदा आपोआप बुजते. आवाजाची पातळी आणि दोषाचे गांभीर्य एकाच प्रमाणात वाढत नाहीत.

याच्या उलट दिशेनेही संबंध दिसतो. जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांमध्ये, विशेषतः लहानपणी छाती किंवा बरगड्यांमधून शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये, पुढे वाढीच्या वयात बाक येण्याचे प्रमाण इतर मुलांपेक्षा अधिक असते. हृदयाची शस्त्रक्रिया यशस्वी झाली की घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात, आणि ते स्वाभाविकच आहे. पण त्या मुलाची पाठ दहाव्या वर्षापासून दर सहा-आठ महिन्यांनी पुढे वाकवून पाहणे कोणालाही घरी जमण्यासारखे आहे.

उंच, सडपातळ आणि लांब बोटांचे

या विषयात सर्वांत अधिक जपून वागायला हवे ते मारफान सिंड्रोमच्या बाबतीत. फ्रेंच बालरोगतज्ज्ञ आंत्वान मारफान यांनी 1896 मध्ये पॅरिसमध्ये पाच वर्षांच्या एका मुलीचे वर्णन केले, जिचे हातपाय आणि बोटे विलक्षण लांब होती. शरीराच्या ऊतींना लवचीक आधार देणाऱ्या फायब्रिलिन या प्रथिनाच्या जनुकात हा दोष असतो, हे 1991 मध्ये सिद्ध झाले. साधारण 5,000 माणसांत एकाला हा विकार असतो. चारांपैकी तीन रुग्णांना तो आई किंवा वडिलांकडून आलेला असतो आणि एकात तो नव्याने उद्भवतो, त्यामुळे ‘आमच्या घराण्यात कोणाला नाही’ हा पुरावा पुरेसा ठरत नाही.

आधार देणाऱ्या ऊती डोळ्यांत, हाडांच्या सांध्यांत, हृदयाच्या झडपांत आणि महाधमनीच्या भिंतीत सगळीकडेच असल्यामुळे खुणाही सगळीकडे उमटतात. अशा रुग्णांपैकी सुमारे 60 टक्के लोकांमध्ये स्कोलिओसिस असतो आणि मायट्रल झडप झुकणेही वारंवार आढळते. म्हणजे बाक आणि मर्मर हे दोन्ही इथे एकाच जनुकाची फळे असतात. दोन चाचण्या घरबसल्याही करता येतात: एका हाताच्या अंगठ्याने आणि करंगळीने दुसऱ्या हाताचे मनगट वेढले, तर त्या दोघांची नखे पूर्णपणे एकमेकांवर येतात का, आणि अंगठा तळहातात घालून मूठ मिटली, तर त्याचे नखाचे पेर पूर्ण बाहेर डोकावते का. दोन्ही उत्तरे ‘हो’ आली म्हणून निदान झाले असे नव्हे, कारण लवचीक सांधे असलेल्या निरोगी मुलांतही असे होऊ शकते. मात्र त्यासोबत बाक, छातीची खोलगट किंवा पुढे आलेली ठेवण, जवळचे दिसण्यापुरती दृष्टी किंवा डोळ्यातील भिंग सरकणे यांपैकी काही असेल, तर तपासणी टाळू नये.

खरा धोका मर्मर करणाऱ्या झडपेपेक्षा महाधमनीला असतो. हृदयातून बाहेर पडतानाचा तिचा पहिला भाग हळूहळू फुगत जातो, आणि झडप गळू लागेपर्यंत त्यातून कोणताही आवाज येत नाही. अमेरिकेची उंच व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन 1986 च्या जानेवारीत जपानमध्ये सामना चालू असताना खेळाडूंच्या बाकड्यावर कोसळली आणि मरण पावली; तिला मारफान सिंड्रोम होता आणि तिची महाधमनी फाटली होती, हे नंतर शवविच्छेदनात कळले. वेळेत निदान झाले तर दर वर्षी इको करून महाधमनीची रुंदी मोजता येते, रक्तदाबाचा ताण कमी करणारी औषधे देता येतात, जोरदार स्पर्धात्मक खेळ टाळता येतात आणि रुंदी ठरावीक मर्यादेला पोहोचण्यापूर्वी शस्त्रक्रिया करता येते. कण्याचा बाक घेऊन आलेल्या उंच, लांब बोटांच्या मुलाची छाती ऐकून ‘आवाज नाही, ठीक आहे’ एवढ्यावर त्याला घरी पाठवणे मला म्हणूनच पटत नाही.

ज्या हृदयात आवाज नसतो

स्नायू आणि मज्जातंतूंच्या आजारांत हीच गोष्ट अधिक ठळकपणे दिसते. ड्यूशेन प्रकारच्या स्नायुक्षयात मुलाचे चालणे थांबल्यानंतर बसून राहण्याने आणि कमजोर स्नायूंमुळे कणा वेगाने वाकतो; त्याच काळात हृदयाचा स्नायूही पातळ आणि कमजोर होत जातो. फ्रेडरिक अटॅक्सियामध्ये चालताना तोल जाऊ लागतो, बहुतेक मुलांमध्ये बाक येतो आणि हृदयाचा स्नायू जाड होतो. या दोन्ही आजारांत हृदय बऱ्याच काळापर्यंत मर्मराशिवाय बिघडत राहू शकते. म्हणून तेथे इसीजी आणि इको नियमाने, ठरावीक अंतराने करतात. आवाजाची वाट पाहत नाहीत. नूनान सिंड्रोम या आनुवंशिक विकारात याउलट फुफ्फुसाकडे जाणाऱ्या झडपेचे अरुंद होणे आणि त्याचा मोठा मर्मर, यांबरोबर काही मुलांत बाकही असतो.

फार मोठा बाक झाला तर

बाक स्वतःच हृदयाला त्रास देतो अशी एक परिस्थिती आहे, आणि ती फुफ्फुसांच्या मार्गाने येते. साधारण 70 अंशांच्या पुढे बरगड्यांच्या पिंजऱ्यातील जागा इतकी कमी होते, की श्वासाची क्षमता मोजता येण्याइतकी घटते. 100 अंशांच्या पुढे गेलेल्या बाकात फुफ्फुसांतील रक्तवाहिन्यांतला दाब वाढून हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येऊ शकतो, उजवीकडची झडप गळू लागते आणि त्याचा मर्मर श्वास आत घेताना वाढतो. पाच वर्षांच्या आत सुरू झालेल्या बाकात हा धोका अधिक असतो, कारण त्या वयात फुफ्फुसांची वाढ अजून पूर्ण झालेली नसते. किशोरवयात सुरू झालेल्या बाकांचे चित्र बरेच दिलासा देणारे आहे: अमेरिकेतील आयोवा येथे उपचार न घेतलेल्या अशा रुग्णांचा 50 वर्षांचा पाठपुरावा 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांचे आयुर्मान इतरांसारखेच असल्याचे आणि दम लागण्याची तक्रार मुख्यतः 80 अंशांपेक्षा मोठ्या बाकांत असल्याचे दिसले. आपल्याकडे पट्टा किंवा शस्त्रक्रियेचा विचार 25 ते 50 अंशांच्या दरम्यानच होत असल्याने बहुतेक मुलांवर ही वेळ येत नाही; ती येते उशिरा दाखवलेल्या, लहानपणापासून दुर्लक्षित राहिलेल्या बाकांमध्ये.

इको कोणाला

ज्या मुलीला नेहमीचा इडिओपॅथिक बाक आहे, जी धावते, खेळते, दम लागत नाही, जिच्या छातीत आवाज नाही आणि घरात कोणाचा अचानक मृत्यू झालेला नाही, तिला केवळ बाकासाठी इकोची गरज नसते. मर्मर ऐकू आला पण तो मंद आहे, उभे राहिल्यावर कमी होतो आणि हिमोग्लोबिन कमी आहे, तर आधी रक्तक्षय भरून काढून पुन्हा ऐकणे शहाणपणाचे. मर्मर टिकून राहिला, ठळक असला किंवा डॉक्टरांना शंका वाटली, तर बालहृदयरोगतज्ज्ञाकडून इको करून घ्यावी. मणक्याची घडण सदोष असेल, मारफानसारख्या खुणा असतील किंवा स्नायूंचा आजार असेल, तर मर्मराचा प्रश्नच गैरलागू आहे. इको करायलाच हवी.

कण्याची शस्त्रक्रिया ठरली असेल तर हा विचार आधीच पूर्ण झालेला असावा. ही शस्त्रक्रिया बहुधा पालथे झोपवून करतात, ती कित्येक तास चालते आणि रक्तस्रावही बराच होतो. आधीच अरुंद छाती असलेल्या मुलाचे हृदय त्या अवस्थेत आणखी दाबले जाते. भूल देणाऱ्या डॉक्टरांना भेटायला जाताना लहानपणी कोणी ‘हृदयात आवाज आहे’ असे म्हटले होते का, तेव्हाचा इकोचा अहवाल आहे का, कुटुंबात कोणाची महाधमनी फाटली, झडप बदलावी लागली किंवा तरुणपणी अचानक मृत्यू झाला का, हे सांगावे आणि जुने कागद बरोबर न्यावेत. मूल दत्तक असेल, किंवा वडिलांकडच्या नातेवाइकांशी संपर्क नसेल आणि त्यामुळे कौटुंबिक माहिती मिळण्यासारखी नसेल, तर तेही मोकळेपणाने सांगावे, कारण अशा वेळी डॉक्टर इकोचा निर्णय अधिक लवकर घेतात.